मुलाखतीला जाताना

शिक्षण पूर्ण झाले की नोकरीचा शोध सुरू होतो. नोकरीसाठी अर्ज करावा लागतो आणि मुलाखत द्यावी लागते. मुलाखतीची भीती अनेकांना वाटते. प्रस्तुत पाठात लेखकाने कॉफीच्या दुकानात दिलेल्या आपल्या दोन मुलाखतींची हकिकत सांगितली आहे. मुलाखतीची तयारी कशी करावी, काय बोलावे आणि काय विचारावे हेही सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

'मुलाखत' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत 'मुलाकात' म्हणजे भेट. मराठीत 'मुलाखत' म्हणजे प्रश्नोत्तरांसाठी ठरवून घेतलेली भेट. नोकरी देणारा आणि नोकरी मागणारा समोरासमोर बसतात व एकमेकांची माहिती करून घेतात. मी 'एकमेकांची' म्हणालो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल.

नोकरीसाठी जो अर्ज करतो त्याला 'उमेदवार' म्हणतात. हाही तुमच्या ओळखीचा शब्द आहे. उमेद म्हणजे आशा. जो उमेद घेऊन आला आहे, तो उमेदवार. २००९ च्या मे महिन्यात मी असाच उमेद घेऊन घरातून निघालो होतो.

मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. आम्ही भिवंडीला राहत होतो. अब्बा यंत्रमागावर काम करत. त्या वर्षी त्यांना दम्याचा त्रास वाढला आणि ते दोन महिने घरीच होते. पुढे महाविद्यालयात जायचे तर फी भरायला हवी होती. ठाण्याच्या एका कॉफीच्या दुकानात मुले हवी आहेत, अशी जाहिरात मी पाहिली. मुलाखत सकाळी अकरा वाजता होती.

मी दहा वाजता बस पकडली. मला वाटले, तासाभरात सहज पोहोचेन. पण काल्हेरच्या पुढे वाहनांची रांग लागली होती. कशेळीचा पूल ओलांडेपर्यंतच अकरा वाजले. माजिवड्याला उतरून मी धावत सुटलो. दुकानात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. सदरा घामाने भिजला होता.

व्यवस्थापकांनी मला बसायला सांगितले. उशिराबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही काही बोललो नाही. ही माझी पहिली चूक.

त्यांनी विचारले, "पूर्वी कुठे काम केले आहे का?"

मी म्हणालो, "हो सर. सहा महिने. भिवंडीत."

हे खोटे होते. अनुभव नाही म्हटले तर नोकरी मिळणार नाही, असे मला वाटले.

"मराठी येते ना? आमच्याकडे मराठी बोलणारे ग्राहक खूप येतात."

"हो सर. उत्तम येते."

हेही पूर्ण खरे नव्हते. मला पुस्तकातले मराठी वाचता येत होते. परीक्षेत गुणही बरे मिळत. पण बोलण्याची सवय नव्हती.

तेवढ्यात एक आजी दुकानात आल्या आणि खिडकीजवळ बसल्या. व्यवस्थापक मला म्हणाले, "जा, त्यांना काय हवे ते विचारून या."

मी गेलो. आजी हसून म्हणाल्या, "बाळ, एक कॉफी दे. बिनसाखरेची. आणि कोमट हवी हं."

'कोमट' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आजींना विचारायला हवे होते. पण 'उत्तम येते' असे मी आताच सांगून आलो होतो. आता विचारू कसा? मी मनाशी म्हणालो, कोमट म्हणजे कडकच असणार. मी आत जाऊन सांगितले, "एक बिनसाखरेची कॉफी. एकदम कडक, एकदम गरम."

आजींनी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्यांची जीभ पोळली होती. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पाणी मागितले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले.

व्यवस्थापकांनी आजींची माफी मागितली आणि त्यांना दुसरी कॉफी दिली. मग ते मला म्हणाले, "एखादी गोष्ट येत नाही, हा दोष नाही. येत नसताना येते म्हणालात, हा दोष आहे. तुम्ही विचारले असते तर मी आनंदाने सांगितले असते. आता तुमच्या सहा महिन्यांच्या अनुभवावर तरी मी कसा विश्वास ठेवू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी परत आलो.

घरी आल्यावर मी सगळे अब्बांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मागावर धागा तुटतो. रोज तुटतो. तुटलेला धागा लगेच जोडला तर कापड चांगले निघते. लपवला तर पुढे सगळ्या कापडात दोष दिसतो."

विद्यार्थी मित्रांनो, 'कोमट' म्हणजे थोडेसे गरम. तो शब्द मी त्या दिवशी शिकलो, तो आजपर्यंत विसरलो नाही.

एक महिन्यानंतर कल्याणच्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात जागा असल्याचे कळले. या वेळी मी तयारी करायचे ठरवले. ती कशी केली, ते सांगतो. तुम्हांलाही ती करता येईल.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी त्या दुकानापर्यंत जाऊन आलो. जायला किती वेळ लागतो ते पाहिले. दुकानाबाहेर उभे राहून फलक वाचला. तिथे काय काय मिळते, कोणते ग्राहक येतात, गर्दी केव्हा होते, हे पाहिले. ज्या ठिकाणी काम करायचे आहे, त्याची थोडी माहिती आपल्याला असावी.

कॉफीचीही माहिती मी वाचनालयात जाऊन वाचली. मला मोठे आश्चर्य वाटले. 'कॉफी' हा शब्द मुळात अरबी 'कहवा' या शब्दापासून निघाला आहे. तो तुर्की भाषेतून युरोपात गेला आणि रूप बदलून आपल्याकडे आला. येमेनमधील मोखा या बंदरातून एके काळी कॉफी दूरदूरच्या देशांत जात असे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हजहून परत येताना कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि त्यांनी त्या कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. भारतातील सर्वांत जास्त कॉफी आजही कर्नाटकातच पिकते.

आणखी एक हकिकत मला फार आवडली. पूर्वी कॉफी बोर्ड देशभर कॉफीगृहे चालवत असे. पुढे ती बंद होऊ लागली आणि कामगारांवर बेकारीची वेळ आली. तेव्हा १९५७ पासून त्या कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आणि 'इंडियन कॉफी हाऊस' या नावाने कॉफीगृहे स्वतः चालवली. कप उचलणाऱ्या हातांनी संस्था उभी केली. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते, हे मला त्यातून समजले.

मग घरी सराव सुरू झाला. अम्मी खुर्चीवर मालकीणबाई होऊन बसली. तिला मराठी फारसे येत नव्हते. ती उर्दूत प्रश्न विचारी आणि मी मराठीत उत्तर देई. माझी लहान बहीण हसून लोटपोट होई. पण चार दिवसांत माझी जीभ मोकळी झाली. हा उपाय तुम्ही जरूर करून पाहा. मनातल्या मनात दिलेले उत्तर आणि मोठ्याने बोललेले उत्तर यांत फार फरक असतो.

मराठी आकड्यांचाही मी सराव केला. दुकानात आकडे चुकले तर पैसे चुकतात. उर्दूतील 'उनासी' म्हणजे मराठीत 'एकोणऐंशी', आणि 'नवासी' म्हणजे 'एकोणनव्वद'. 'सव्वाशे' म्हणजे एकशे पंचवीस आणि 'पावणेदोनशे' म्हणजे एकशे पंच्याहत्तर. हे पाठ केले.

मुलाखतीच्या दिवशी मी धुतलेले, इस्त्री केलेले साधे कपडे घातले. नखे कापली. खाद्यपदार्थांच्या दुकानात स्वच्छ हात हे पहिले प्रमाणपत्र असते. गुणपत्रिकेच्या प्रती एका पाकिटात घेतल्या. वेळेच्या पंधरा मिनिटे आधी मी दुकानात हजर होतो.

दुकानाच्या मालकीणबाई समोर बसल्या होत्या. आमचा संवाद असा झाला :

मालकीणबाई : ये, बस. अर्ज आणलास?

मी : हो मॅडम. हा घ्या.

मालकीणबाई : उर्दू माध्यमातून शिकलास. मराठी येते का?

मी : वाचता येते. बोलताना काही शब्द अडतात. अडले की मी विचारतो.

मालकीणबाई : बरे. कॉफीचे यंत्र कधी चालवले आहेस?

मी : नाही मॅडम. अजून कुठेच काम केलेले नाही. पण शिकवलेत तर लवकर शिकेन.

मालकीणबाई : मग मी तुला का घ्यावे? ज्यांना काम येते अशी दोन मुले येऊन गेली.

मी : मॅडम, मी वेळेवर येईन. हिशोब मला चांगला येतो. आणि चूक झाली तर लपवणार नाही.

मालकीणबाई : हिशोब येतो? मग सांग. बिल एकशे पासष्ट रुपये झाले. ग्राहकाने पाचशेची नोट दिली. किती परत देशील?

मी : तीनशे पस्तीस.

मालकीणबाई : मोजून कसे देशील?

मी : आधी पाच रुपये देईन, एकशे सत्तर झाले. मग तीस देईन, दोनशे झाले. मग शंभराच्या तीन नोटा देईन, पाचशे पूर्ण झाले. पैसे परत देऊन होईपर्यंत ग्राहकाची नोट गल्ल्यात टाकणार नाही, बाहेरच ठेवीन.

मालकीणबाई : ती बाहेर कशासाठी?

मी : ग्राहक म्हणाला की नोट दुसरी होती, तर दाखवता येईल.

मालकीणबाई : (हसून) हे कोणी शिकवले?

मी : आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदार चाचांनी.

मालकीणबाई : छान. एखादा ग्राहक चिडून ओरडू लागला तर काय करशील?

मी : आधी त्यांचे पूर्ण ऐकून घेईन. आमची चूक असेल तर माफी मागेन आणि कॉफी बदलून देईन. मला समजले नाही तर तुम्हांला बोलावीन.

मालकीणबाई : ठीक आहे. तुला काही विचारायचे आहे का?

विद्यार्थी मित्रांनो, हा शेवटचा प्रश्न ऐकून बहुतेक मुले मान हलवतात आणि उठतात. तसे करू नका. मुलाखत दोघांची असते, हे मी सुरुवातीला सांगितले आहे. तुम्हीही विचारा. कामाची वेळ कोणती? पगार किती आणि कोणत्या तारखेला मिळेल? आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी? शिकण्याच्या दिवसांचा पगार मिळेल का? परीक्षा असेल तर रजा मिळेल का? हे विचारणे उद्धटपणा नाही. नम्रपणे विचारलेला प्रश्न कोणालाही खटकत नाही, आणि ज्याला खटकतो त्याच्याकडे काम करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मी कामाची वेळ, पगार आणि परीक्षेची रजा यांबद्दल विचारले. मालकीणबाईंनी सगळे नीट सांगितले. मग त्या म्हणाल्या, "सोमवारपासून ये. पहिला आठवडा फक्त शिक."

त्या आठवड्यात मी खूप शिकलो. बारीक दळलेल्या कॉफीतून यंत्र मोठ्या दाबाने गरम पाणी सोडते आणि पंचवीस-तीस सेकंदांत छोटा कप तयार होतो. दूध वाफेने तापवताना साधारण साठ ते पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंतच तापवतात. जास्त तापले तर त्याची गोडी जाते. प्रत्येक वेळी वाफेची नळी ओल्या फडक्याने लगेच पुसावी लागते. यांतले काहीच मला आधी येत नव्हते. पण हे शिकवता येते, म्हणून कोणी त्यावरून मला नाकारले नाही. वेळेवर येणे आणि खरे बोलणे या गोष्टी मात्र उमेदवाराने घरूनच आणायच्या असतात.

त्या दुकानात मी तीन वर्षे सकाळच्या पाळीत काम केले आणि दुपारी महाविद्यालयात गेलो. फी त्यातून भरली. ग्राहकांशी बोलता बोलता मराठी बोलायलाही तिथेच शिकलो. आज मी वर्गात तुमच्यापुढे उभा राहून मराठी शिकवतो, त्यात त्या दुकानाचाही वाटा आहे.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. तुम्ही अजून शाळेत आहात. शाळा सोडून कामाला जा, असे मी मुळीच म्हणत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. ही तयारी पुढच्या वर्षांसाठी आहे. तुम्ही मुलाखतीला जाल तेव्हा घरच्यांना पत्ता सांगून जा. प्रमाणपत्रे दाखवताना मूळ प्रत दाखवा, पण स्वतःजवळच ठेवा. द्यायची तर झेरॉक्स द्या. नोकरी देण्यासाठी कोणी आधी पैसे मागितले तर तिथून उठून या. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. उर्दूत 'सही' म्हणजे बरोबर; मराठीत 'सही' म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव. कागद बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच सही करावी, असे समजले तर दोन्ही अर्थ लक्षात राहतील.

आणखी एक गोष्ट. कधी कधी तुमच्या तयारीत काहीच कमी नसते, तरी नकार मिळतो. जागा एक असते आणि उमेदवार पन्नास असतात. कधी एखादा माणूस तुमचे नाव किंवा पत्ता ऐकूनच मनात काही ठरवून टाकतो. अशा वेळी वाईट वाटते. वाटणारच. पण त्याच्या नकाराने तुमची किंमत ठरत नाही. आपली चूक असेल तर ती शोधावी. नसेल तर दुसऱ्या दिवशी दुसरे दार ठोठवावे. पहिल्या दुकानाने मला नाकारले ते माझ्या चुकीने, म्हणून मी ती चूक सुधारली. नंतर काही ठिकाणी माझी चूक नसतानाही नकार मिळाला. तेव्हा मी फक्त पुढचा अर्ज लिहिला.

उमेदवार या शब्दातली उमेद सोडू नका. आणि एखादा शब्द समजला नाही तर लाजू नका. विचारा.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
परका – अनोळखी
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
सदरा – अंगात घालायचे वस्त्र, शर्ट
व्यवस्थापक – कामाची व्यवस्था पाहणारा
कोमट – थोडेसे गरम
पोळणे – भाजणे, चटका बसणे
फलक – पाटी
बेकारी – काम नसणे
गल्ला – दुकानातील पैसे ठेवण्याची पेटी
पाळी – कामाची ठरलेली वेळ
उद्धटपणा – बोलण्यात नम्रता नसणे
सावधगिरी – काळजी, खबरदारी

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला पहिल्या मुलाखतीला उशीर का झाला?
(आ) आजींना कशी कॉफी हवी होती?
(इ) 'कॉफी' हा शब्द कोणत्या अरबी शब्दापासून निघाला आहे?
(ई) इंडियन कॉफी हाऊस कोणी चालवले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) लेखकाने आजींना 'कोमट' या शब्दाचा अर्थ विचारला नाही.
(आ) ग्राहकाची नोट लगेच गल्ल्यात टाकू नये.
(इ) मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत असाव्यात.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी तुटलेल्या धाग्याचे उदाहरण का दिले?
(आ) 'मुलाखत दोघांची असते' याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्रश्न ४. खालील शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. दोन्ही भाषांतील त्यांचे अर्थ शोधा व वाक्यांत उपयोग करा.
मुलाखत, सही, दाखला, रजा

प्रश्न ५. खालील रकमा अक्षरांत लिहा.
७९, ८९, १२५, १६५, १७५, ३३५

उपक्रम : वर्गात दोघांच्या जोड्या करा. एकाने दुकानाचा मालक व्हावे आणि दुसऱ्याने उमेदवार. पाच प्रश्नांची मुलाखत मराठीत सादर करा. शेवटी उमेदवाराने मालकाला दोन प्रश्न विचारावेत.